पडलं की पाडलं

मराठी माणसाला काहीही करायचं म्हटलं की आधी काहीतरी पाडावं लागतं. तो जिलब्या पाडतो, कविता पाडतो, फोडी पाडतो, पायंडे पाडतो. नाव बारशाला ठेवतो, पण खरं नाव पाडतो ते शाळेत. मुलगी बघायला जातो तेव्हा छाप पाडतो, नोकरीत उजेड पाडतो, पक्षात फूट पाडतो. निवडणुकीत दुसऱ्याला पाडतो आणि ते नाही जमलं तर आलेलं सरकार पाडतो. २०१५ साली औरंगाबादेहून विमानं उडवून ढगांवर फवारणी केली, तीसुद्धा पाऊस पाडायला. एवढंच काय, अंगावर पडलेलं एखादं बरं काम आपण शेवटाला नेतो तेव्हाही ते ‘पार पाडतो’. परभाषेतल्या माणसाला हे ऐकून वाटत असेल, या लोकांचं एकही कार्य काही ना काही कोसळल्याशिवाय सिद्धीस जात नाही.

या सगळ्या पसाऱ्यात घर पाडणं हा एक किरकोळ जिन्नस आहे. पण खरी गंमत तिथेच आहे, कारण तिथे एका कान्यावर सगळा हिशेब अडतो. वाडा पडला आणि वाडा पाडला. पहिल्या वाक्यात वाडा स्वतःच दमून खाली बसलेला असतो. कुणाला जाब विचारायची सोय नसते. दुसऱ्यात तो काना पहारीसारखा उभा असतो, आणि पहार आली की ती धरणारा हातही आला. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या मालक-भाडेकरूंनी या कान्यावर पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. मालक म्हणतो, वाडा पडला, आता कसलं भाडं आणि कसला भाडेकरू? भाडेकरू म्हणतो, पडला नाही, पाडला. चार पावसाळे कौलं शेकारली नाहीत, वासे भिजू दिले, भिंतीत पाणी मुरू दिलं. म्हणजे हात न लावता पाडला. पाण्याकडून घर पाडून घ्यायची ही कला फार सोशिक माणसाला जमते. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेकाठचे वाडे धडाधड बसले, तेव्हा वाटलं, निदान हे तरी निखळ ‘पडले’ असतील. पण त्यावरही चौकशी बसलीच. काना कुणाच्या पदरात टाकायचा हे ठरवायला न्यायमूर्ती लागतात.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते झाशीला. माझ्या एका चुलत आत्याचं सासर झाशीचं. जुन्या शहरात घर, मानिक चौकापासून दोन गल्ल्या आत. (आपण त्याला माणिक चौक म्हणणार. हिंदीत ‘ण’ परवडत नाही.) आत्याच्या सासरची मंडळी नेवाळकरांच्या राज्यात कधीतरी कोकणातून तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. घरात मराठी आहे, पण ती बुंदेली उन्हात वाळलेली. पहिल्याच संध्याकाळी गच्चीवरून समोरची रिकामी जागा दाखवत आत्या म्हणाल्या, “इथे मोठा वाडा होता. मागच्या साली गिरवला.”

मी गप्प बसलो. डोळ्यांसमोर एक चित्र आलं होतं, ते हलेना. चार मजूर हातात पांढऱ्या पेन्सिली घेऊन त्या वाड्याच्या कडांवरून सावकाश रेघा ओढताहेत. चुकलं की थुंकी लावून पुसताहेत. आपल्याकडे अक्षरं गिरवतात. झाशीच्या मराठीत घरं गिरवतात. हिंदीतल्या ‘गिराना’ला मराठी प्रत्यय लावून त्या घराण्याने हे क्रियापद घडवलं आणि तीन-चार पिढ्या सुखाने वापरलं, आता मी पुण्याहून जाऊन त्यात काय सुधारणा करणार?

आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतून हिंडताना पटलंच की आत्यांचा शब्द चुकीचा नाही. या गल्ल्यांत जुनं घर गेलं तरी नवं त्याच पायावर येतं. एक वीत पुढे सरकायची सोय नाही, समोर दुसऱ्याचा ओटा आहे. तीच रेघ, तोच कोपरा, गटाराचं तेच वळण; वर फक्त विटांऐवजी काँक्रीट आणि निळा-गुलाबी रंग. मुलाने बाईंच्या अक्षरावरून पेन्सिल फिरवावी तसं नातू आजोबांच्या जोत्यावरून घर फिरवतो.

मानिक चौकात आत्यांना साडीला फॉल आणि अस्तर घ्यायचं होतं. जुन्या शहराच्या मधला हा बाजार. कापडाची दुकानं, भांड्यांची दुकानं, त्यांतून वाट काढणाऱ्या ई-रिक्षा, आणि प्रत्येक मोटारसायकलवर किमान तीन माणसं. दुकानदाराने भाव सांगितला. आपल्याकडच्या बाईने तो पाडून मागितला असता. आत्या म्हणाल्या, “भैया, कुछ तो गिराओ.” तो हात जोडून म्हणाला, “माताजी, गिराते-गिराते एक दिन हम ही गिर जाएँगे.” मला त्याचं कौतुक वाटलं. पडणं आणि पाडणं यांच्यातली सीमारेषा इतक्या नेमकेपणाने सांगणारा व्याकरणकार मला शाळेत भेटला नव्हता.

तिथून चालत राणीमहाल. रघुनाथ हरी नेवाळकरांच्या काळातली, अठराव्या शतकातली ही वास्तू. दुमजली, सपाट धाब्याची, मध्ये चौक, आणि दरबाराच्या दालनात भिंतींवर-छतावर पानंफुलं, मोर असं रंगकाम. १८५४ मध्ये कंपनीने झाशी खालसा केल्यावर लक्ष्मीबाई किल्ला सोडून इथे राहायला आल्या. किल्ला गमावलेल्या राणीचं हे घर. महाल म्हणतात, पण चाल वाड्याची आहे. पुण्याच्या माणसाला चौकात उभं राहिल्यावर उगाच वाटतं, वरून कुणीतरी हाक मारून चहाला बोलावील.

१८५८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी या वास्तूचा बराच भाग गेला. उरलेल्यात आता पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे आणि तिथे ठेवलेत कोण, तर आसपासच्या परिसरात सापडलेली नवव्या ते बाराव्या शतकातली शिल्पं. म्हणजे देवळं गेल्यावर बेघर झालेले देव एका अर्ध्या गेलेल्या वाड्यात भाड्याने राहताहेत. कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही, आणि तक्रार कुणाचीच नाही. असे गुणी भाडेकरू पुण्यात मिळाले असते तर किती वाडे वाचले असते!

अशा वास्तूंची माहिती जिथे जिथे वाचावी तिथे एकच वाक्य भेटतं: ‘हिचा बराच भाग नष्ट झाला.’ झाला. जसा पाऊस झाला, उशीर झाला. सरकारी गद्याची ही खुबी आहे. त्यात काना कुठेच टोचत नाही. झाशीच्या बाबतीत तर ही कनवाळू भाषा अगदीच अनाठायी, कारण इथे काना कुणाचा हे जगाला ठाऊक आहे. सर ह्यू रोज. मार्च १८५८ मध्ये त्याने शहराला वेढा घातला, तटाला खिंडार पाडलं आणि ३ एप्रिलला त्याचं सैन्य आत घुसलं. या गृहस्थाला पुढे १८६६ मध्ये उमरावपद मिळालं, तेव्हा त्याने आपल्या किताबात स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथनेर्नच्या जोडीला झाशीचंही नाव घेतलं: बॅरन स्ट्रॅथनेर्न, स्ट्रॅथनेर्नचा आणि झाशीचा. ज्याचं घर पाडलं त्याचंच आडनाव लावायचं ही तऱ्हा आपल्याकडच्या कुठल्याही बिल्डरला अजून सुचलेली नाही. तो फार तर सात मजल्यांवर ‘जोशीवाडा अपार्टमेंट’ अशी पाटी लावतो.

या सगळ्याचा मराठी साक्षीदार एक भटजी होता, हे आपलं भाग्य. वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जाला कंटाळून, उत्तरेत मोठा यज्ञ आहे आणि दक्षिणा भरपूर मिळेल अशा आशेने १८५७ मध्ये निघाले आणि बरोबर बंडाच्या तोंडी सापडले. वेढ्याच्या दिवसांत ते झाशीतच होते. दिवसा तोफेने भिंत पाडावी आणि रात्री गवंड्यांनी ती भरून काढावी, हा खेळ त्यांनी पाहिला. शहर पडल्यावरची लूट पाहिली. आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, मग कपडालत्ता, धान्य अशी पायरीपायरीने झालेली. ग्रंथालयाची धूळधाण पाहिली, आणि संस्कृत जाणणाऱ्या माणसाला ती सोन्याच्या लुटीहून जास्त लागली. दक्षिणा राहिली बाजूला. गोडसे घरी परतले ते गंगाजळाची कावड घेऊन. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये छापला. गोडसे हे लिहितात तेव्हा त्यांना कुणाकडून पदवी नको होती, की कुणाची परवानगी. त्यामुळे त्यांच्या गद्यात पडलं ते पडलं आणि पाडलं ते पाडलं.

योगायोग बघा. ज्या १८५७ साली गोडसे भटजी घराबाहेर पडले, त्याच साली मुंबईत मोल्सवर्थ साहेबाच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. एक इंग्रज मराठीतला एकेक शब्द विटेसारखा रचत होता आणि दुसरा मराठ्यांचं एक अख्खं शहर विटेविटेने सुटं करायच्या तयारीत होता. कोशवाल्याचं काम अजून उभं आहे.

झाशीचा शहरकोट मात्र पुरता गेला नाही. शिवराव भाऊ नेवाळकरांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या या तटाला दहा दरवाजे: ओरछा, दतिया, सागर, भांडेर वगैरे गावांच्या दिशेने तोंड करून उभे, आणि त्यांत एक खंडेराव दरवाजा. झाशीचा ई-रिक्षावाला ‘खंडेराव गेट, खंडेराव गेट’ असं ओरडतो तेव्हा त्याला कल्पना नसते की तो सदानंदाचा येळकोट करतोय. मुंबईने याच्या उलट केलं. १८६० च्या दशकात बार्टल फ्रियरच्या अमदानीत किल्ल्याची तटबंदी पाडली, दरवाजे पाडले, आणि नावं मात्र जपून ठेवली. रोज लाखो माणसं चर्चगेटला उतरतात. गेट कुठाय असं एकही विचारत नाही. नाहीसं झालेलं दार इतक्या लोकांना आत घेतंय हे नवलच.

आता मराठ्यांनी कुणाचं काही पाडलं नाही असं कुणी म्हणू नये. पण झाशीपुरतं बोलायचं तर आपल्या लोकांनी इथे बांधलंच जास्त. १७४२ च्या सुमारास पेशव्यांनी इथे सुभेदार नेमला तो नारो शंकर. याने मालेगावचा भुईकोट बांधला, नाशकात गोदाकाठी नारोशंकराचं देऊळ बांधलं, आणि झाशीत ओरछ्याच्या बीरसिंह देवाच्या जुन्या किल्ल्याला नवा भाग जोडला, ज्याला शंकरगड म्हणतात. ओरछ्याची माणसं आणून त्याने झाशीचं गाव वसवलं. ओरछ्याचे राजवाडे आज ओस आणि भव्य आहेत, झाशीच्या गल्ल्या गजबजलेल्या आणि अरुंद. दोन्हीमागे एकच हात. त्याने ओरछ्यात एक भिंतही पाडली नसेल, पण गाव उठवून नेलं की भिंती आपोआप पडायला लागतात. इथे काना द्यायचा की नाही, सांगणं कठीण. या शहरात मराठ्यांनी टांकसाळही चालवली. नाण्यांवर झाशीचं नाव बलवंतनगर, आणि बादशहा मात्र दिल्लीचा शहाआलम. नाणी पाडायची आपण आणि नाव दुसऱ्याचं, हाही आपल्या नम्रतेचा एक नमुना.

पाडायची खरी हौस बघायची तर गाढवाच्या नांगराकडे जावं. १६३० च्या आसपास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणं जाळलं, उद्‌ध्वस्त केलं आणि वर गाढवांचा नांगर फिरवून मधोमध पहार ठोकली, असं सांगतात. पुढे जिजाबाईंनी त्याच मातीत सोन्याचा नांगर धरला, म्हणून आज आपल्याला पुण्यात पार्किंग मिळत नाही. नुसतं पाडून समाधान होत नाही अशी माणसं असतात. पाडलेल्याचा अपमानही झाला पाहिजे. त्यामानाने ‘जमीनदोस्त’ हा शब्द मला फार सभ्य वाटतो. हिंदी वर्तमानपत्रं ‘जमींदोज’ लिहितात; फारसीच्या वळणाने त्यात जमिनीला शिवून टाकल्याचा भाव आहे. मराठीत मात्र इमारत कोसळताना थेट जमिनीची दोस्त होते. एवढी वर्षं जिच्या डोक्यावर उभी होती तिच्याशी अखेर मैत्री!

झाशीच्या मानिक चौकावरून अहमदाबादचा माणेक चौकही आठवतो. अहमदशहा तिथे तट बांधत होता. माणेकनाथ नावाचा बाबा दिवसभर चटई विणायचा आणि रात्री ती उसवायचा. चटई उसवली की दिवसभरात बांधलेली भिंत ढासळायची. शेवटी बाबाला युक्तीने एका तांब्यात शिरायला लावून तोंड बंद केलं, तेव्हा कुठे तट उभा राहिला. ही आपली लोककथा. हल्लीच्या तंत्रात चटईच्या जागी फाईल असते. ती विणणाऱ्याने उसवली की कुठलीही भिंत खाली येते.

फाईलीतली भाषाही वेगळी. महाराष्ट्रातल्या नगरपालिका घर पाडत नाहीत, ‘बांधकाम निष्कासित’ करतात. उत्तर प्रदेशात ‘ध्वस्तीकरण’ होतं. शब्द ऐकून वाटतं, मागे सनई वाजत असेल. कागदावर निष्कासन, वर्तमानपत्रात बुलडोझर, आणि प्रत्यक्षात येतं ते पिवळं जेसीबी. जे आपण लहान पोरांना आनंदाने बोट करून दाखवतो, त्याच यंत्राकडे मोठी माणसं कुठल्या गल्लीत कशी बघतात, हे त्या गल्लीवर अवलंबून. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. भूषण गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी सांगितलं की आधी नोटीस द्या, १५ दिवस थांबा, घरवाल्याचं म्हणणं ऐका, मग काय ते. अमरावतीच्या न्या. गवईंनी म्हणजे कान्याआधी एक स्वल्पविराम घातला. व्याकरणाच्या दृष्टीने मोठीच सुधारणा म्हणायची.

आत्यांच्या गल्लीत या सुधारणेचा काही उपयोग नव्हता, कारण तिथलं प्रकरण घरगुती होतं. शेजारी दोघे भाऊ, एकाच घराचे दोन भाग, मध्ये वडिलांच्याही आधीची मातीची भिंत. पावसाळ्यात ती गेली. थोरला म्हणे, “गिर गई.” धाकटा म्हणे, “गिरा दी.” नवी बांधायची तर कचेरीत दोघांच्या सहीचा अर्ज हवा, आणि थोरला ‘गिरा दी’वर सही करीना, धाकटा ‘गिर गई’वर. पावसाळा संपून थंडी आली, तरी दोन्ही संसार एकमेकांना दिसत होते. धाकट्याची बायको थोरल्याच्या बायकोला मीठ मागायची आणि नवरे अर्जावर भांडायचे.

मी पुण्याहून आलोय आणि लिहितो-बिहितो, एवढं आत्यांनी गल्लीला सांगितल्यावर अर्ज माझ्यापुढे आला. मी मराठीतले सगळे पर्याय मनात फिरवून पाहिले. ढासळली, कोसळली, खचली, बसली. हिंदीत नेल्यावर प्रत्येकात थोरल्याची बाजू डोकावायची. ‘हटाई गई’ म्हटलं की धाकटा खूश, थोरला लाल. शेवटी स्वयंपाकघरातून हात पुसत आत्या आल्या. म्हणाल्या, “अरे, एवढं काय त्यात? लिही, दीवार नहीं रही.”

दोघांनी तिथल्या तिथे सह्या केल्या. मीही अर्ज द्यायला त्यांच्याबरोबर गेलो, न जाणो खिडकीपाशी पुन्हा जुंपली तर. खिडकीमागच्या बाबूने चष्मा वर केला, अर्ज वाचला आणि आवाज एकदम खाली आणला.

“बड़ा दुख हुआ. उमर क्या थी?”

थोरला म्हणाला, “होगी कोई डेढ़ सौ साल.”

“तो फिर भरी-पूरी उमर पाकर गईं,” बाबू म्हणाला आणि शिक्का मारला.